ठळक रेष की करडी छाया? पहिला टॅटू ठरवण्याआधी दोन शैलींची तुलना

पहिला टॅटू काढायला निघालेल्या माणसाच्या मनात काय काढायचे ते बहुधा पक्के असते: गणपती, त्रिशूळ, छत्रपती शिवाजी महाराज, आईचा चेहरा किंवा नुसती ‘आई’ ही दोन अक्षरे. मात्र ते कोणत्या शैलीत काढायचे, हा प्रश्न अनेकदा स्टुडिओतल्या खुर्चीत बसल्यावर, मोबाइलवर दहा फोटो भराभर सरकत असताना सुटतो, आणि म्हणूनच तो नीट सुटत नाही. एकच गणपती दोन शैलींत काढला तर सुया वेगळ्या लागतात, वेळ आणि पैसे वेगळे लागतात, आणि दहा वर्षांनी हातावर जे उरते तेही वेगळे असते.

तुलना स्पष्ट व्हावी म्हणून येथे मुद्दाम दोन टोकांच्या शैली घेतल्या आहेत. एक अमेरिकन ट्रॅडिशनल, जिला ओल्ड स्कूल असेही म्हणतात. दुसरी ब्लॅक अँड ग्रे रिअलिझम, म्हणजे काळ्या-करड्या छटांत छायाचित्रासारखे काढलेले चित्र. आपल्याकडे देवांच्या आणि माणसांच्या चेहऱ्यांमुळे दुसरीला मागणी मोठी आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो: लहान आकाराचा पहिला टॅटू काढणाऱ्या बहुतेकांनी पहिल्या शैलीचा विचार करायला हवा, आणि दुसरीकडे जायचे असेल तर जागा, वेळ आणि पैसा तिन्ही सढळ हाताने देण्याची तयारी ठेवायला हवी.

पायरी १: दोन्ही शैली कशा घडल्या ते समजून घ्या

न्यूयॉर्कमधील सॅम्युएल ओ’रायली यांनी १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट घेतले. त्यामागची मूळ कल्पना एडिसन यांच्या विजेच्या लेखणीची होती. यंत्र आल्यावर बंदरांजवळच्या दुकानांत खलाशांची रीघ लागली. जहाज फार दिवस थांबत नसे, त्यामुळे भिंतीवर लावलेल्या तयार चित्रांच्या तक्त्यांतून, ज्यांना फ्लॅश म्हणतात, गिऱ्हाईक एक चित्र निवडत असे आणि ते एकाच बैठकीत पुरे होत असे. नांगर, पाकोळी, गुलाब, कट्यार, गरुड, शिडाचे जहाज ही चित्रे त्यातूनच रूढ झाली. हवाईतील होनोलुलूत दुकान चालवणारे नॉर्मन कॉलिन्स, म्हणजे ‘सेलर जेरी’ (१९११–१९७३), हे या परंपरेतले सर्वांत परिचित नाव. चित्र लवकर व्हावे, लांबून ओळखता यावे आणि ऊन-खाऱ्या वाऱ्यात टिकावे, या गरजांनी शैलीला आकार दिला: जाड काळी बाह्यरेषा, भरपूर काळे शेडिंग, आणि लाल, पिवळा, हिरवा असे मोजके सपाट रंग. शेतातले पाणी बांधाने अडते तसा येथे रंग रेषेने अडतो. आतला रंग पुढेमागे फिका झाला तरी आकृती मोडत नाही.

ब्लॅक अँड ग्रेची जन्मकथा अगदी वेगळी आहे. कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या, म्हणजे चिकानो समाजातील तरुणांनी ती तुरुंगात विकसित केली. तेथे रंग मिळत नसत आणि यंत्रही नसे. कॅसेट प्लेअरची मोटार आणि गिटारची तार यांपासून एका सुईचे यंत्र तयार होई आणि काळ्या शाईवरच सगळे भागवावे लागे. या बारीक सुईतूनच चेहऱ्यांच्या, ख्रिस्ती संतप्रतिमांच्या आणि नाजूक अक्षरांच्या छटा निघू लागल्या. चार्ली कार्टराइट आणि जॅक रुडी यांनी १९७५ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिस येथे ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ सुरू केले, पुढे फ्रेडी नेग्रेटे तेथे आले, आणि तुरुंगातली ही पद्धत व्यावसायिक स्टुडिओत पोहोचली. आजचा रिअलिझम त्याच वाटेने पुढे गेला आहे. यात बाह्यरेषा जवळजवळ नसते. गाल कोठे संपतो आणि पार्श्वभूमी कोठे सुरू होते हे केवळ छटेतल्या फरकाने कळते. करड्या छटांसाठी बहुधा काळ्याच शाईत पाणी मिसळून तीन-चार पातळ्या केल्या जातात. पुढचे सगळे परिणाम समजायला ही एक गोष्ट लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

पायरी २: चित्र पूर्ण काळे करून पाहा

शैली ठरवण्याची सर्वांत उपयोगी चाचणी घरच्या घरी, एका काळ्या स्केचपेनने होते. आपल्याला हवे असलेले चित्र कागदावर छापून घ्यावे आणि त्याच्या बाहेरील आकाराच्या आतला सगळा भाग काळा करून टाकावा. उरलेली सावली पाहून घरातील दुसऱ्या माणसाला हे काय आहे ते विचारावे.

गणपती लगेच ओळखू येतो. सोंड, कान आणि मुकुट यांची बाह्यरेषाच पुरेशी असते. त्रिशूळ, कमळ, वाघनखे, गलबत, मोर हेही ओळखू येतात. शिवाजी महाराजांच्या एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याचेही तसेच आहे. जिरेटोप, नाक आणि दाढीचे टोक एवढ्यावर महाराष्ट्रातले लहान मूलही नाव सांगते. अशा विषयांना ठळक रेष पुरते, आणि खरे तर तीच शोभते. आईचा चेहरा मात्र काळा केला की कोणत्याही स्त्रीचा होतो. तिची ओळख पापणीखालच्या सावलीत, ओठांच्या कोपऱ्यात आणि गालाच्या उंचवट्यात असते. ती रेषेत सापडत नाही. तेथे रिअलिझमला पर्याय नाही, आणि जाड रेषेने काढलेला प्रिय माणसाचा चेहरा व्यंगचित्राकडे झुकण्याचा धोका असतो.

अडचण येते ती मधल्या विषयांची: समोरून पाहणारा वाघ, ध्यानस्थ शंकर, विठ्ठल. विठ्ठलाची कटेवर हात ठेवलेली उभी आकृती सावलीतूनही ओळखू येते, म्हणून ती रेषेत सुंदर निघते. पण कोणाला मूर्तीचा पाषाणी पोत, त्यावर पडलेला प्रकाश हवा असेल तर तो छटांचाच विषय झाला. येथे स्वतःला विचारावे की आपल्याला खूण हवी आहे की दृश्य. उत्तर ‘दोन्ही’ असेल तर आकार वाढवावा लागेल, त्याला इलाज नाही.

पायरी ३: खऱ्या आकारात, खऱ्या अंतरावरून पाहा

मोबाइलच्या पडद्यावर चित्र बोटांनी मोठे करून पाहता येते, हातावर ते तसे करता येत नाही. म्हणून चित्र ज्या मापात काढायचे त्याच मापात छापावे, कापून जागेवर चिकटपट्टीने लावावे, आणि आरशापासून पाच-सहा फूट दूर उभे राहावे. त्यानंतर त्याच छापील चित्रावर बटर पेपरचा एक पापुद्रा ठेवून पुन्हा पाहावे. वर्षांनुवर्षे त्वचेत राहिल्यावर कडा किती मऊ पडतील याचा तो ढोबळ अंदाज असतो, नेमके भाकीत नव्हे. पण रिअलिझमचे लहान चित्र आणि ठळक रेषेचे लहान चित्र यांतला फरक त्यातून लगेच दिसतो.

कडा मऊ का पडतात, याचे कारण शाईच्या मुक्कामात आहे. सुई शाईला वरच्या सालीखालच्या थरात, म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल नेऊन ठेवते. तेथील भक्षक पेशी शाईचे कण गिळतात. त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. या देवघेवीत रेष काळाच्या ओघात किंचित रुंद होते. दोन जाड रेषांमध्ये पुरेशी मोकळी जागा सोडलेली असेल तर ही रुंदी खपून जाते. पापण्यांचे केस किंवा जिरेटोपावरच्या मोत्यांच्या सरीतले टिंबांएवढे मोती मात्र एकमेकांत मिसळतात. ज्यांच्या घरात गोंदलेली आजी आहे त्यांना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. तिच्या हातावरची तुळस किंवा हनुवटीवरचे टिंब पन्नास-साठ वर्षांनंतर निळसर-हिरवे पडलेले आणि पसरलेले असते, तरीही तुळस तुळसच दिसते, कारण मूळ आकृतीच मोजक्या टिंबांची, रेषांची आणि त्यांमधल्या रिकाम्या त्वचेची असते.

चेहऱ्याच्या रिअलिझमसाठी किमान तळहाताएवढी जागा द्यावी, असे मी सुचवेन. त्याहून लहान चेहऱ्यात डोळ्याला इतकी कमी जागा उरते की बुबुळ, चमक आणि पापणी यांचा एकच ठिपका होतो. मनगटावर दीड इंचात आई-वडिलांचे दोन चेहरे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार देणारा आर्टिस्ट उद्धट नसतो, तो काम जाणणारा असतो.

देवनागरी अक्षरांबद्दल येथेच सांगायला हवे, कारण चित्राला जोडून अक्षरे हवी असणारे पुष्कळ असतात. ‘आई’ मोठे आणि मोकळे असेल तर कोणत्याही शैलीत टिकते. पण अक्षरे पाव इंचाची झाली की ‘ध’, ‘ख’, ‘क्ष’ यांच्या पोटातली जागा भरून जाते आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. अक्षरांना जितके जाड वळण द्याल तितके ते मोठे हवे. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे स्वतः तपासावीत. स्टुडिओतला संगणक फॉन्ट बदलताना जोडाक्षर तोडतो आणि मराठी न वाचणारा आर्टिस्ट ते जसेच्या तसे उतरवतो.

पायरी ४: आपली त्वचा आणि आपले काम लक्षात घ्या

समाजमाध्यमांवरची बरीचशी उदाहरणे गोऱ्या त्वचेवरची असतात. शाई रंगद्रव्य असलेल्या वरच्या थराच्या खाली बसते, म्हणजे गव्हाळ किंवा सावळ्या माणसाला ती आपल्या वर्णाच्या काचेतून दिसते. परिणामी ट्रॅडिशनलमधला पिवळा मंद भासतो, पांढरा जवळजवळ नाहीसा होतो, गडद लाल आणि गडद हिरवा बऱ्यापैकी राहतो, तर काळा पूर्ण ताकदीने दिसतो. रिअलिझममध्ये सर्वांत फिक्या करड्या छटा त्वचेच्याच रंगात विरून जातात. सावळ्या त्वचेवर उत्तम रिअलिझम होत नाही असे अजिबात नाही. तो करणारा आर्टिस्ट फिक्या छटांवर विसंबत नाही, उजेडासाठी मूळ त्वचा मोकळी सोडतो आणि काळा धीटपणे वापरतो. तुमच्याशी बोलताना तो यातले काहीच सांगत नसेल तर विचारून घ्यावे.

ऊन दोन्ही शैलींचे शत्रू आहे, पण नुकसान सारखे होत नाही. शेतावर, बांधकामावर, दुचाकीवर दिवस घालवणाऱ्याच्या उघड्या हातावर आधी जातात त्या पातळ केलेल्या छटा, कारण मुळात तेथे शाईचे कण विरळ असतात. चेहऱ्याचे डोळे, भुवया आणि मिशा राहतात. गाल सपाट होतो. अशा माणसाने रिअलिझम हवाच असेल तर तो दंडाच्या आतल्या बाजूला किंवा पाठीवर काढावा. बोटे, तळहाताची कड आणि पावले यांवर तर कोणतीच शैली धड टिकत नाही.

छाती, खांदा अशा जागी जखमेवर जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ट्रॅडिशनल निवडणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: टॅटूच्या शाईची ॲलर्जी सर्वाधिक आढळते ती लाल रंगाची. ज्यांना त्वचेच्या ॲलर्जीचा पूर्वेतिहास आहे त्यांनी हीच शैली केवळ काळ्यात करून घ्यावी. ठळक रेष आणि काळे शेडिंग एवढ्यावरही ती उभी राहते.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी नियम महत्त्वाचा आहे. भारतीय सैन्यात कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी कायमचा टॅटू चालतो. आदिवासी समाजांतील उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. निमलष्करी दलांचे नियम वेगळे आहेत, म्हणून चालू जाहिरात वाचल्याशिवाय सुईखाली बसू नये.

पायरी ५: आर्टिस्टची बरी झालेली कामे पाहा

ताज्या टॅटूचा फोटो हा तुलनेसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. त्वचा सुजलेली, लालसर आणि मलमाने चकाकणारी असते, त्यामुळे काळा अधिक काळा आणि पांढरा अधिक पांढरा दिसतो. किमान सहा महिने, आणि मिळाल्यास दोन-तीन वर्षे जुने, शक्यतो आपल्यासारख्या वर्णाच्या त्वचेवरचे काम मागावे. दोन्ही शैलींत काय पाहायचे ते वेगळे आहे.

ट्रॅडिशनलमध्ये लपवायला जागा नसते. लांब वक्र रेष सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची आहे का, दोन रेषा जेथे मिळतात तेथे टोक बाहेर आले आहे का, रेषेच्या कडेला निळसर धूसर सावली पसरली आहे का, हे पाहावे. अशी सावली म्हणजे सुई गरजेपेक्षा खोल गेल्याची खूण होय, आणि ती पुसता येत नाही. रंग भरलेल्या भागात मध्येच त्वचेचे तुकडे उघडे दिसत असतील तर हात कच्चा आहे.

रिअलिझममध्ये दोष उशिरा उघडे पडतात. सर्वांत गडद भाग खरोखर काळा आहे की करडाच, हे प्रथम पाहावे. करड्यावर करडा चढवलेले चित्र पहिल्या दिवशी मऊ आणि सुंदर वाटते, दोन वर्षांत ते धुके होते. छटा गडदातून फिक्यात सलग उतरते की पायऱ्या दिसतात, डोळ्यातली चमक मोकळ्या त्वचेतून साधली आहे की पांढऱ्या शाईच्या ठिपक्यातून, चेहरा मूळ व्यक्तीसारखा आहे की नुसता ‘चेहरा’ आहे, हे तपासावे. यासाठी आर्टिस्टकडे मूळ संदर्भ छायाचित्र आणि त्यावरून केलेले काम शेजारी ठेवून दाखवण्याची मागणी करण्यात काही गैर नाही. आणि आपले छायाचित्रही चांगले द्यावे: एका बाजूने प्रकाश पडलेले, मोठ्या आकाराचे. लग्नाच्या गटचित्रातून कापलेला धूसर चेहरा घेऊन गेल्यावर उरलेले तपशील आर्टिस्टला कल्पनेने भरावे लागतात.

दोन्ही शैलींत सारखाच तरबेज असणारा माणूस विरळा. अशा वेळी शैलीसाठी आर्टिस्ट बदलावा, आर्टिस्टसाठी शैली बदलू नये. अपवाद एवढाच की तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात एका शैलीचा हात फार चांगला आहे आणि तुमचा विषय दोन्हींत बसतो.

पायरी ६: वेळ, पैसा आणि स्वच्छता

आपल्याकडे अनेक स्टुडिओ चौरस इंचावर दर लावतात, काही बैठकीवर किंवा तासावर. चौरस इंचाचा दर सांगितला असेल तर तो कोणत्या शैलीसाठी आहे हे विचारावे, कारण रिअलिझमचा दर बहुधा जास्त असतो आणि टचअप (बरे झाल्यावर राहिलेल्या किंवा पुसट जागा पुन्हा भरणे) त्यात धरलेला आहे की नाही हे लिहून घेतलेले बरे. तळहाताएवढे ट्रॅडिशनल चित्र सामान्यतः एका बैठकीत उरकते. तेवढ्याच चेहऱ्याला दिवसभर बसावे लागू शकते. वेदनेचे म्हणाल तर जाड रेष ओढताना ती तीक्ष्ण आणि थोडक्यात असते, छायाकामात सौम्य पण तास तास चालणारी, आणि आधीच हुळहुळलेल्या त्वचेवर पुन्हा सुई फिरते तेव्हा शेवटचा तास नकोसा होतो.

स्वच्छतेत शैलीचा भेद नाही. सुईचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडले जावे, शाई एकदाच वापरायच्या टोपणात ओतली जावी, हातमोजे नवे असावेत. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा प्रश्न असल्याने यात भीड बाळगू नये. जत्रेत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर फिरता माणूस एकाच सुईने रांगेतल्या सगळ्यांचे काम करत असेल तर स्वस्त दराकडे पाहूच नये. मधुमेह असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. टॅटूनंतर साधारण वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही नियमित रक्तदात्यांनी आधी हिशेबात धरावे.

पायरी ७: तारीख निवडा, आणि स्टेन्सिलला घाई करू नका

वरची त्वचा भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. या काळात पोहणे, समुद्रस्नान, कडक ऊन आणि घासणारे कपडे वर्ज्य. कोकणात ऐन पावसाळ्यात रोज ओले होणाऱ्याने थांबलेले बरे. ढोल-ताशा पथकात वादन करणाऱ्यांनी गणेशोत्सवाच्या सरावाच्या आठवड्यांत कमरेवर, पोटावर किंवा टिपरू धरायच्या हातावर टॅटू काढू नये. पट्ट्याने आणि घामाने खपली अवेळी निघते. ठळक रेषेत खपलीखालचा तुटका भाग टचअपमध्ये सहज जोडता येतो. चेहऱ्याच्या छायेत गालावर पडलेला तसा डाग आजूबाजूच्या छटेशी जुळवणे अवघड असते.

मन पुढे बदलले तर काय, हाही विचार आताच करावा. फिका पडलेला रिअलिझम ठळक, गडद चित्राखाली झाकता येतो. जाड काळी रेष नाजूक छटेखाली झाकता येत नाही. लेझरने काळी शाई तुलनेने सहज निघते, हिरवा आणि पिवळा चिवट असतात. म्हणजे झाकण्याच्या दृष्टीने करड्या छटा सोयीच्या आणि रंगीत ट्रॅडिशनल सर्वांत हट्टी.

ठरलेल्या दिवशी पोटभर जेवून जावे. स्टेन्सिल, म्हणजे सुई फिरवण्याआधीचा चित्राचा आराखडा, त्वचेवर उमटवताना हात टेबलावर वळवून न ठेवता सरळ उभे राहावे आणि हात सैल सोडावा, कारण पुढच्या हाताची त्वचा मनगट फिरवताच पिळते आणि बसून सरळ दिसणारा चेहरा उभे राहिल्यावर तिरका होतो. ठळक चित्रात थोडा कल खपतो, चेहऱ्यात नाही. आरशात पाहावे, सोबतच्या माणसाला लांबून पाहायला सांगावे, फोटो काढून पाहावा. जागा पटली नाही तर स्टेन्सिल पुसून पुन्हा लावण्यास सांगावे, दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. पटल्यावर ते दहा-पंधरा मिनिटे पूर्ण वाळू द्यावे, नाहीतर पहिल्याच पुसण्यात बारीक खुणा निघून जातात आणि रिअलिझममध्ये त्याच खुणांवर डोळे आणि नाकपुड्यांची जागा ठरलेली असते.